गोठ्यामागचा कॅमेरा

शितलला ओळखणारं कुणीही आधी तिच्या हाताचं कौतुक सांगेल. फुलं तोडायला लागली की बोलता बोलता वाफा रिकामा. बाकीच्या बाया अजून अर्ध्या सरीत असायच्या आणि ही बांधावर उभी राहून त्यांची टिंगल करायची, "काय गं, फुलांना गाव विचारत बसलाय काय?" तोंडानं फटकळ, पण पोटात काही ठेवणार नाही. सासरे मारुतराव तर चारचौघांत म्हणायचे, "आमचा जालिंदर पहिल्यापासून ढिला. ही आली म्हणून मळा उभा हाय." सुनेचं असं तोंडभर कौतुक करणारा सासरा कवठे येमाईच्या शिवारात दुसरा दाखवा बरं!

अशी ही बाई फोनपायी कशी वाळली, त्याची ही गोष्ट. आणि फोन म्हटल्यावर लगेच नाक मुरडू नका. रील बघत लोळणाऱ्यांतली ती नव्हे. तिच्या हाताला फोन चिकटला तो बिबट्यामुळं.

जालिंदरची वस्ती गावापासून बाजूला, मळ्यात. तीन खोल्या, पुढं अंगण, मागं गोठा, गोठ्यामागं वैरणीच्या गिन्नी गवताचा पट्टा आणि गवताला लागून लोकांचा ऊस. बिबट्या इथं काही पाहुणा नाही. उसातच त्याचा जन्म, उसातच त्याचा संसार. आधी कुत्री जायची, लोक हळहळायचे आणि दुसरं कुत्रं आणायचे. मग शेजारच्या शेवंताबाईंच्या शेळ्या गेल्या, त्याही दिवसाढवळ्या. मग तालुक्याच्या पार दुसऱ्या टोकाला एक लेकरू गेलं. त्यानंतर मात्र सगळ्या वस्त्यांची पाचावर धारण बसली. बिबट्या मान धरतो म्हणून बाया गळ्याला खिळ्यांचा पट्टा बांधून खुरपायला जायला लागल्या. आणि एक नेम आपोआप पडून गेला, कुणी दवंडी दिली नाही की सभा घेतली नाही. एकट्यानं वाकायचं नाही. वाकलेलं, बसलेलं माणूस बिबट्याला जनावरासारखं दिसतं, म्हणून एक वाकला की दुसऱ्यानं काठी घेऊन शेजारी ताठ उभं राहायचं. मारुतराव सकाळी गोठ्यामागं वैरण कापायला बसायचे तेव्हा शितल त्यांच्याजवळ उभी असायची. त्या भागात एकटं वाकलेलं माणूस आता शोधूनही सापडलं नसतं.

कॅमेरे बसवले जालिंदरनं. बायकोपोरीच्या काळजीनं बसवले, त्यात त्याला काय दोष द्यायचा? एक दारावर, एक अंगणात, एक गोठ्यात, एक गोठ्यामागं. चारही ठिकाणचं चित्र शितलच्या फोनवर. स्वस्तातले कॅमेरे, आवाज नाही, नुसतं चित्र, आणि तेही रेंज असली तर. समोर काही हललं की फोन टुणकन वाजायचा. आता मळ्यात काय हलत नाही हो? गवत हलतं, मांजर हलतं, दोरीवरची साडी हलते. फोन वाजला की हिनं बघायचं. शिवाय आसपासच्या वस्त्यांचा ग्रुप होता, 'बिबट्या सावधान' नावाचा. तिथं सारखा कुठला ना कुठला बिबट्या हजर. कुणाच्या विहिरीवर, कुणाच्या पत्र्यावर. त्यातला अर्धा माल दुसऱ्या जिल्ह्यातला, काही तर कॉम्प्युटरवर बनवलेला. पण ते कळायचं कसं? बघितल्याशिवाय राहवायचं नाही आणि बघितल्यावर घास घशाखाली उतरायचा नाही.

आधी झोप गेली. मग भूक गेली. मग हात गेला. एक हात फुलाला, एक फोनला, मधेच फुलासकट अख्खी फांदी मोडून यायची. बाया एकमेकींकडं बघायच्या, पण बोलायची कुणाची टाप नव्हती, कारण शितल आता कशावरूनही खेकसायची. सकाळी उठायची तीच दमलेली उठायची. डोकं जड, डोळ्यांत खडे, छातीत धडधड. चहा गॅसवर ठेवून विसरायची आणि पातेलं जळाल्यावर स्वतःच रडायची. आबांजवळ, म्हणजे सासऱ्यांजवळ, काठी घेऊन उभी राहायची खरी, पण नजर फोनात. गोठ्यामागं उभी राहून ती फोनात गोठ्यामागचंच चित्र बघायची आणि यात काही वेडेपणा आहे हे तिच्या ध्यानातही यायचं नाही.

सगळ्यात जास्त भोगलं ते प्रांजलनं. चौथीतली पोर, पायाला भिंगरी. तिनं अंगणात पाऊल टाकलं की फोन वाजायचा आणि घरातून हाक यायची, आत ये. पहिल्या पहिल्यांदा पोरगी कॅमेऱ्याकडं बघून हात हलवायची, आईला हसवायची. मग जीभ काढून दाखवायला लागली. मग एक दिवस तिनं हेरलं की पाण्याच्या टाकीआड कॅमेऱ्याला काही दिसत नाही. तिथं जाऊन ती एकटीच चिंचोके खेळत बसली. इकडं शितलला फोनात पोर दिसेना. तिनं जी किंकाळी फोडली ती शेवंताबाईंच्या वस्तीवर ऐकू गेली. धावत सुटली, अनवाणी, पदराचं भान नाही, आणि टाकीआड पोर सापडल्यावर तिला जवळ घ्यायचं सोडून तिनं तिला बडवायला सुरुवात केली. मारुतराव मधे पडले तेव्हा कुठं तिचा हात थांबला.

त्यानंतर जालिंदर तिला शिरूरला डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेला. बाईंनी तपासलं, रक्त बघितलं, छातीची ईसीजीची पट्टी काढली. सगळं ठीक. मग बाईंनी शितलच्या हातातल्या फोनाकडं बोट दाखवलं. "आपण बोलतोय तेवढ्यात तुम्ही कितीदा बघितलं यात?"

"बघावं लागतं हो बाई. पोर घरी हाय."

"पोरीजवळ कोण आहे?"

"सासरे हायेत."

"मग ते बघतायत ना? तुम्ही जे बघताय त्यानं पोरीची राखण होत नाही, तुमचं डोकं फक्त पेटतं राहतं. थोडे दिवस फोनापासून लांब राहा. झोप येईल, अंगात जोर येईल. नाही आली तर मग गोळ्यांचं बघू."

परतीच्या वाटेवर जालिंदर गाडी चालवत राहिला. तसा तो अबोलच. न्हावऱ्याच्या फाट्यावर चहाला थांबले तेव्हा म्हणाला, "तू सोनमताईकडं जा दौंडला. तिथं रेल्वेच्या चाळीत ऊस न्हाई आन् बिबट्या बी न्हाई. फोन ताईकडं दे. बरी होऊन ये."

"आन् प्रांजल?"

"ती शाळेत जाईल. मी हाय, आबा हायेत." मग त्यानं कपातल्या चहाकडं बघतच पुढचं सांगितलं. "आन् न्हाई जमलं तर पोरीला दौंडच्या शाळेत घालू. ताई संभाळंल. अशी कोंडून न्हाई ठेवायची तिला. मला बघवत न्हाई."

शितलनं कप खाली ठेवला. पोर आपल्यापासून तोडणार? पण भांडायला तोंड नव्हतं. टाकीआडचा तो प्रकार तिला रोज आठवत होता. तिनं मनाशी गाठ मारली, बरी होऊन येईन आणि माझी पोर माझ्याजवळ राहील.

दौंडला सोनमचं रेल्वेचं क्वार्टर. तिचा नवरा महेंद्र रुळांच्या देखभालीला, सकाळीच हातोडा-पाना घेऊन बाहेर पडणारा. सोनम थोरली बहीण, लहानपणापासून शितलवर हुकूम चालवायची सवय. गेल्या गेल्या तिनं फोन काढून घेतला, बंद केला आणि कपाटात साड्यांखाली घातला. किल्ली कमरेला. "आता माग बघू," म्हणाली, "मागितलास तर खराट्यानं मारीन."

पहिले दिवस फार वाईट गेले. फोन कपाटात, तरी शितलच्या कमरेपाशी काहीतरी थरथरल्यासारखं व्हायचं आणि हात तिकडं जायचा. यार्डात मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळले की ती दचकून उभी राहायची. बहिणीवर चिडली, भाच्याच्या कार्टूनवर चिडली, एकदा तर बॅग भरून दारापर्यंत गेली. सोनमनं तिच्यापुढं निवडायला मेथीची जुडी टाकली. काय करणार? बसली निवडत.

मग एका दुपारी मेथी निवडता निवडताच तिचा डोळा लागला. भिंतीला टेकून, मांडीवर ताट, तोंड उघडं. सोनमनं ताट हळूच काढून घेतलं आणि शेजारणींना सांगून आली की आज आमच्याकडं कुणी बेल वाजवू नका. त्या झोपेनंतर शितलनं पोटभर भाकरी खाल्ली, वर आणखी मागितली. दुसऱ्या दिवशी बहिणीबरोबर बाजारात गेली. तिथं एक बाई शेवंतीच्या वेण्या गुंफत होती, शितल थोडा वेळ बघत राहिली आणि मग न राहवून म्हणाली, "मावशे, असं सावकाश गुंफशील तर लगीन होऊन पोरं व्हतील नवरीला." बाई आधी फणकारली, मग हसली. सोनम तर रस्त्यात उभी राहून हसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. कितीतरी महिन्यांनी बहिणीची जीभ अशी सुटली होती.

संध्याकाळी सोनमच्या फोनवरून घरी बोलणं व्हायचं, तेवढंच. मारुतरावांचा साधा बटणांचा फोन, त्यावर प्रांजल बडबडायची. आज शाळेत काय झालं, गाईनं आबांना कसं ढकललं, अंगणात किती वेळ खेळले. "आई, तू कवा येणार?" असं पोर विचारायची तेव्हा शितलला भरून यायचं. त्या हाकेत कंटाळा नव्हता, भीती नव्हती. आपली आठवण येत होती पोरीला! रविवारनंतर निघायचं असं तिनं ठरवूनही टाकलं.

आणि तो रविवार उजाडला. लग्नाची तिथी मोठी, फुलांना उठाव, म्हणून जालिंदर पहाटेच गाडी भरून पुण्याला गेलेला. हे शितलला ठाऊक होतं. सकाळी तिनं सहज सोनमच्या फोनवरून घरी लावला, आपण येतोय हे पोरीला सांगावं म्हणून. मारुतरावांचा फोन वाजत राहिला. कुणी उचलेना. पुन्हा लावला. पुन्हा तेच. आता म्हातारं माणूस, फोन चार्जिंगला लावून बाहेर गेलं असेल, पोर अंगणात असेल. त्यात काय एवढं? कालची शितलही असंच म्हणाली असती. पण छातीत ती जुनी धडधड सुरू झाली.

"अक्का, माझा फोन दे."

"काय म्हणालीस?"

"एकदाच बघते. पोर दिसली की बंद करते. आईची आण."

सोनम थबकली. नाही म्हणायचं तिच्या ओठावर आलं होतं. पण हे सगळे दिवस बहीण शहाण्यासारखी वागलेली, तोंडावर रंग आलेला, आणि आण घातलेली. तिनं कमरेची किल्ली सोडली. पुढं कितीतरी वेळा ती म्हणायची की त्या दिवशी किल्ली विहिरीत टाकली असती तर बरं झालं असतं.

फोन सुरू झाला. ग्रुपवरचे साठलेले निरोप टुणटुण आत यायला लागले. शितलनं आधी अंगण उघडलं. प्रांजल टाकीपाशी दात घासत उभी होती, तोंडाला फेस, एका पायावर डोलत. शितलच्या जिवात जीव आला. इथं तिनं फोन ठेवायला हवा होता. ठेवणारही होती. पण बोटाला सवय. बोट पुढच्या चित्रावर गेलं आणि गोठ्यामागचा कॅमेरा उघडला.

रेंज कमी, चित्र अडखळत येत होतं. हिरव्या गवतात काहीतरी तपकिरी. बुटकं, जमिनीलगत. थांबलं. पुढं सरकलं. पुन्हा थांबलं.

शितलनं फोन डोळ्यांजवळ नेला. आबा असतील का? हा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही, आला. पण आबांजवळ कुणी उभं नव्हतं. जालिंदर पुण्यात, ती दौंडात, मग आबा एकटे कसे वाकतील? एकटं कुणी वाकतच नाही. म्हणजे माणूस नाही. एवढं सरळ होतं ते तिला. आणि दात घासणारी पोर आणि ते यांच्यामधे फक्त गोठा होता.

"अगं, गोणी असंल वाऱ्यानं हलणारी," सोनम डोकावून म्हणाली. "मला तर कायबी कळत न्हाई यात."

शितल ऐकण्याच्या पलीकडं गेली होती. तिनं जालिंदरला फोन लावला, तो लागला नाही. मारुतरावांना लावला, तो वाजत राहिला. मग तिनं ग्रुप उघडला आणि आवाज भरला. रडत, ओरडत. "आमच्या गोठ्यामागं बिबट्या बसलाय! गवतात हाय! माझी पोर अंगणात हाय वो, कुणीतरी पळा! हात जोडते, पळा!"

आणि पळाले. हे सांगायलाच हवं की पळाले. आसपासच्या वस्त्यांवरची पोरं, कुणी तोंड धुता धुता, कुणी धार टाकून, मोटारसायकलींवर तिघं तिघं बसून आली. हातात काठ्या, कोयते, आणि खिशांत दिवाळीचे उरलेले सुतळी बॉम्ब. एकानं प्रांजलला उचलून घरात टाकलं आणि बाहेरून कडी घातली. बाकीचे गोठ्याच्या दोन्ही बाजूंनी गेले. गवत पुरुषभर उंच, जवळ जायची कुणाची छाती? लांबूनच त्यांनी वाती पेटवल्या आणि गवतात फेकल्या.

शितल दौंडात बसून हे बघत होती. आवाज नाही. नुसता धूर. एक, मग दुसरा, मग तिसरा. ती पुटपुटत होती, "पळव देवा, पळव त्याला." धूर जरा विरला आणि गवतातलं ते तपकिरी हललं. आणि मग ते उठलं. दोन पायांवर उठून उभं राहिलं. डोक्यावरची घोंगडी खाली पडली, खाली पांढरं मुंडासं दिसलं, एका हातात विळा होता आणि दुसरा हात कानावर.

"आबा!" शितल फोनावर ओरडली. "थांबा रे! आबा हायेत! थांबा!" ती त्या काचेवर हात मारत होती. कुणाला ऐकू जाणार? म्हातारा धुरात गोल फिरला. बिबट्या मागं लागला असंच त्यांना वाटलं असणार, कारण ते उसाकडं न जाता पाण्याच्या चारीकडं धावले, जमेल तसे, झोकांड्या खात. आणखी एक बॉम्ब त्यांच्या पायाशी फुटला. ते चारीत पडले. तिथून पुढं कॅमेऱ्याला काही दिसत नव्हतं.

महेंद्र तिला मोटारसायकलवर घेऊन शिरूरला पोचला तेव्हा मारुतरावांना दवाखान्यात आणून झालं होतं. मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलेलं, एका कानाला ऐकू येत नव्हतं, विळ्यानं स्वतःचाच तळवा कापलेला. दारात ती पोरं खाली माना घालून उभी होती. त्यातला एक, ज्यानं पहिली वात पेटवली होती, पुढं आला आणि म्हणाला, "वयनी, तुमचा आवाज ऐकला आन् पुढचं कायबी सुचलं न्हाई."  शितलनं त्याला काय बोलायचं? त्या पोरांनी तिच्या पोरीसाठी स्वतःचा जीव धोक्यात घातला होता. आणि त्याच वेळेला कासुर्डीहून तिच्या भावजयीचा फोन आला, काळजीनं भरलेला. शितलचा तो रडका आवाज कुणीतरी भलत्याच बिबट्याच्या फोटोला जोडून पुढं पाठवला होता आणि तो हायवेच्या गावांपर्यंत पोचला होता. "वन्सं, तुमच्याकडं बिबट्यानं माणूस धरलं म्हणं?" शितलनं फोन बंद केला.

मारुतराव खाटेवर पडून होते. जालिंदर पुण्याहून अर्ध्या वाटेतून गाडी फिरवून आलेला, कोपऱ्यात उभा. शितलनं सासऱ्यांच्या पायावर डोकं ठेवलं आणि तिला रडू आवरेना. "आबा, मला वाटलं... तुमच्यापाशी कुणी उभं नव्हतं..."

"माझंच चुकलं," म्हातारा म्हणाला, मोठ्यानं, कारण आता त्यांना स्वतःचा आवाज कळत नव्हता. "जालिंदर न्हवता. गाय हंबरत व्हती. म्हणलं, कापू चार पेंढ्या, कोण बघतंय."  रागावले असते तर शितलला बरं वाटलं असतं. पण त्यांनी तिच्याकडं मान वळवून अगदी साधेपणानं विचारलं, "पोरी, इतकी वर्सं तू मला बघतीयस. मी बसलो कसा, उठलो कसा, अंधारात बी वळखशील. मंग त्यात का गं वळखलं न्हाईस?"

 ती त्यांच्या पायाशी बसून राहिली. तिला राहून राहून एकच गोष्ट टोचत होती. त्यांच्या हाताची लय, विळा मारताना खांदा किंचित वर जाणं, मधेच थांबून घाम पुसणं, हे सगळं त्या चित्रात होतं. तिनं बघितलंही होतं. पण तिचे डोळे बिबट्या शोधायला बसले होते आणि त्यांना बिबट्याच सापडला.

घरी आल्यावर तिनं स्वतःच फोन जालिंदरच्या हातात दिला. ग्रुपमधून बाहेर पडली. जालिंदरनं शिडी लावून चारही कॅमेरे उतरवले, तेही कुणी न सांगता. आबांची खाट ऑपरेशननंतर ओसरीत आली. शितल त्यांचं सगळं करायची. अंथरूण, जेवण, अंग पुसणं. फुलं तोडायला गेली की मान वर करून आजूबाजूला बघायची, पुन्हा वाकायची. थकायची, पण हा थकवा वेगळा होता, त्यानं झोप येत होती. डोळ्यांतले खडे गेले. जालिंदर एका सकाळी चहा पिता पिता म्हणाला, "पोरीचं दौंडचं राहू दे. हितंच राहंल ती आपल्यापाशी." शितलनं त्याच्या कपात आणखी चहा ओतला. आत मात्र तिला वाटलं, इतकं सगळं घडून एक तरी चांगली गोष्ट हाताला लागली.

त्याच दिवशी दुपारी ती आबांच्या खाटेशी वाटाणे सोलत बसली होती. प्रांजल शाळेतून आली, दप्तर टाकलं, आईच्या ताटातल्या मूठभर शेंगा घेऊन अंगणात गेली. खाता खाता तिच्या हातातल्या शेंगा खाली सांडल्या. पोर तशीच उभी राहिली. ताठ, हात अंगाला चिकटवून. शेंगांकडं बघत होती, पण उचलत नव्हती.

"उचल की गं," शितल म्हणाली.

पोरीनं मान हलवली.

"का गं? काय झालं?"

"तू आत जा आधी."

"मी आत कशाला जाऊ?"

प्रांजलनं एकदा घराच्या दाराकडं बघितलं. मग हळू आवाजात, आईला वाईट वाटू नये अशा बेतानं म्हणाली, "मी वाकल्यावर तू बघू नको. तू बघितलंस की माणसं येत्यात."

ओसरीवर आबांना ऐकू गेलं नाही, ते डोळे मिटून पडले होते. शितलच्या हातातली शेंग तशीच राहिली. बिबट्याची भीती तिला पोरीच्या डोळ्यांत किती वेळा बघायला मिळाली होती. ही ती नव्हती. हे भय आईच्या बघण्याचं होतं. ती उठली, ताट तिथंच ठेवलं आणि घरात गेली. दार ओढून घेतलं, भिंतीला टेकून उभी राहिली आणि बाहेर पोर शेंगा वेचते त्याचा आवाज कान देऊन ऐकत राहिली.

संध्याकाळी जालिंदर आला तेव्हा ती म्हणाली, "पोरीला दौंडला सोडून या."

तो चमकला. "अगं, पण तू तर आता बरी झालीस."

"मी झाले. ती न्हाई झाली. तिथं तिला बिनघोर खाली बसता येईल. ती म्हणंल तवा आणू."

जालिंदरनं तिच्याकडं बघितलं आणि वाद घातला नाही. शितलनंच दप्तर भरलं, फ्रॉक घड्या घालून ठेवले, चिंचोक्यांची पिशवी आठवणीनं वर ठेवली. सकाळी प्रांजल बापाच्या मागं मोटारसायकलवर बसली, मावशीकडं जायचं म्हणून खूष होती आणि तो आनंद लपवायचा प्रयत्नही करत होती. शितलनं तिचे केस सारखे केले, मुका घेतला आणि दारात येऊन उभी राहिली. गाडी बांधावरून निघाली. पोरीनं एकदा तरी मागं वळून बघावं असं शितलला फार वाटलं, पण हाक मारायची तिची हिंमत झाली नाही.